जाड मिशी

नोटिशीत ‘जाड, खाली वळलेली मिशी’ हे शब्द इन्स्पेक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. नियमच तसा होता, आणि बाई नियमाने चालणाऱ्या. ओळख परेड लावायची तर संशयिताच्या आजूबाजूला त्याच्यासारखेच दिसणारे लोक उभे करायचे, नाहीतर परेडला काही अर्थ नाही. बरं, सारखे दिसणारे लोक हवेत तर तो दिसतो कसा हे सांगायला नको? सांगायचं कुणाला, तर माणसं पुरवणाऱ्याला. आणि माणसं पुरवणार कोण, तर ज्या ठाण्याची चौकशी चाललीय तेच ठाणं! हे ज्याने कुणी ठरवलं त्याला एकदा गाठून चार शब्द सुनावावेत असं बाईंना नंतर फार वाटलं. त्या दिवशी मात्र त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि नोटीस बाजार ठाण्याकडे पाठवून दिली.

बाईंचं ऑफिस म्हणजे पोलीस मुख्यालयाच्या मागच्या इमारतीतली जिन्याखालची खोली. दारावर ‘अंतर्गत चौकशी’ अशी पाटी, आत एक टेबल, एक कपाट आणि भिंतीला लावून छतापर्यंत रचलेल्या मोडक्या खुर्च्या. भंगार सामानाची खोली शेजारीच होती, ती भरली आणि उरलेलं सगळं इकडे लोटलं गेलं. त्यामुळे दार ढकलून येणारा निम्म्या वेळा खुर्चीच मागायला आलेला असे. ‘मॅडम, त्यातली एखादी बरी असेल तर बघा ना.’ पोलिसांविरुद्ध तक्रार घेऊन पोलिसांच्याच इमारतीत कोण येतंय, असा वरच्यांचा हिशेब होता, आणि तो बहुतेक वेळा बरोबरच निघे.

पण मावशी आल्या.

मावशी बाजारामागच्या गल्लीत कपड्यांना इस्त्री करत. मनगटावर जागोजागी भाजल्याचे जुने डाग, बोलणं खणखणीत. त्यांचा मुलगा भाजीचा टेम्पो चालवायचा. बाजार ठाण्याचे लोक दर महिन्याला टेम्पोवाल्यांकडून आपला वाटा घेऊन जात, आणि हे इतकं अंगवळणी पडलं होतं की टेम्पोवाले त्याला ‘रस्त्याचं भाडं’ म्हणत. एका महिन्यात मुलाने नाही म्हटलं.

“डोकं फिरलं असेल, दुसरं काय,” मावशी सांगत होत्या. “संध्याकाळी एकजण दारात आला. टेम्पोची किल्ली मागितली आणि पोराला दंडाला धरून घेऊन गेला. जाड मिशी, अशी खाली वळलेली. दुसऱ्या दिवशी पोर घरी आलं ते हात कोपरात मोडून. आता चाक धरता येत नाही त्याला. विचारलं की एकच सांगतो, जिन्यावरून पडलो.”

“कुठल्या जिन्यावरून?”

“तेच तर! आमच्या घराला जिना नाही, ठाण्याला जिना नाही. मेल्यांनी माझ्या पोराला ढकलायला मुद्दाम जिना बांधून घेतला की काय?”

बाईंना हसू फुटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मावशींना पाणी दिलं आणि तक्रार लिहून घेतली.

हा मिशीवाला कोण, हे काही गूढ नव्हतं. बाजार ठाण्यात एक हवालदार होता, त्याला सगळे ‘शेठ’ म्हणत. वाटा गोळा करायचं काम त्याचं. पण तशी मिशी एकट्या शेठचीच होती असं नाही. ठाण्याच्या मुख्य साहेबांची मिशी तशी, म्हणून खालच्या सगळ्यांची तशी. साहेबांना आपलं ठाणं एका साच्यातलं दिसायला आवडायचं. त्यामुळे ‘जाड मिशीवाला’ म्हटलं की अख्खं ठाणंच डोळ्यांपुढे यायचं.

मग एके दुपारी एक शिपाई बाईंच्या दारात आला. “मॅडम, खुर्ची मिळेल का?” म्हणाला, आत शिरला आणि दार लावून घेतलं.

त्याला ठाण्यात ‘गुरुजी’ म्हणत, आणि ते काही मानाने नव्हे. बदली होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने आपल्या टेबलावर ठेवलेला वाटा परत केला होता आणि वर ‘हे बरं नाही’ असंही म्हणाला होता. तेव्हापासून त्याला हरवलेल्या वस्तूंच्या टेबलावर बसवलं होतं, लोकांच्या छत्र्या आणि चष्मे सांभाळत. चहाला कुणी बोलवत नसे. तो खोलीत आला की गप्पा बंद. मिशी मात्र इतरांसारखीच जाड, कारण ती त्याला साहेबांच्या आधीपासून होती.

“मुलाचा हात शेठने मोडला,” गुरुजी म्हणाला. “मी शेजारच्या खोलीत होतो, सगळं ऐकलं. साहेबांचा निरोप आला होता, याला असा धडा शिकवा की बाकीचे आपोआप सरळ होतील. वाटा कुणाकुणाला जातो तेही सांगतो. सही करून देतो.”

बाईंनी कागद पुढे ओढला आणि त्याचा जबाब लिहून घेतला. इतक्या वर्षांत या खोलीत असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

“पण मॅडम, माझं नाव एवढ्यात बाहेर जाऊ देऊ नका. दोन मुली आहेत मला.”

“नाही जाणार,” बाई म्हणाल्या. “माझा शब्द आहे.”

शब्द देताना त्यांना अगदी खात्री होती, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

त्या उपायुक्तांकडे गेल्या. उपायुक्त माणूस गोड. बसा म्हणणार, चहा मागवणार, आणि तुम्ही उठेपर्यंत काहीही देणार नाही. “ठाण्यातलाच एकजण सांगतोय म्हणून मी अख्ख्या ठाण्याला हात कसा लावू?” ते म्हणाले. ठाण्यातला हा एकजण कोण, ते बाईंनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. “उद्या म्हणतील आपसातलं भांडण आहे. बाहेरच्या माणसाने बोट दाखवू दे. त्या मावशींनी शेठला ओळखलं की मी सही करतो. मग तुम्ही थेट ठाण्याच्या साहेबापर्यंत जा, मी तुमच्या मागे उभा आहे.”

म्हणजे सगळं येऊन थांबलं ते मावशींच्या एका बोटावर. ते शेठकडे गेलं की गुरुजीचा जबाब उघडायचा आणि साहेबापर्यंतची साखळी ओढायची. नाही गेलं, तर सगळं मुसळ केरात.

नोटीस पाठवली त्या संध्याकाळी बाईंचे वडील खिडकीपाशी आरसा धरून पांढऱ्या मिशीची टोकं कातरत बसले होते. तेही जन्मभर पोलिसातच होते, शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून सुटले. लेक इन्स्पेक्टर झाल्यापासून तिच्या प्रत्येक कामाची उलटतपासणी घेणं हा त्यांचा छंद होता.

“काय लिहिलंस नोटिशीत?”

बाईंनी सांगितलं. वडिलांची कात्री थांबली.

“मिशी लिहिलीस?”

“नियम आहे, बाबा.”

आणि म्हातारा असा हसायला लागला की आरसा हातातून सुटता सुटता वाचला. “अगं पोरी, मिशी म्हणजे काय नाक आहे का? साबण आणि वस्तरा, की झालं काम!”

“पोलीस मिशीला हात लावू देत नाही असं तुम्हीच सांगता. आणि एकट्या शेठने काढली तर तो उलट उठूनच दिसेल.”

“मी नाही लावू देणार,” वडील डोळे पुसत म्हणाले, “पण मला तुरुंगात जायची भीती नव्हती कधी. आणि एकट्यानेच काढायची असं कुणी सांगितलं तुला?”

“अख्खं ठाणं काय मिशा काढणार आहे? काहीतरीच तुमचं!”

बाई रागाने स्वयंपाकघरात निघून गेल्या. पण जेवताना त्यांची नजर राहून राहून वडिलांच्या मिशीवर जात होती.

परेडच्या सकाळी मुख्यालयाच्या पटांगणात बाजार ठाण्याची गाडी येऊन थांबली. मागचा दरवाजा उघडला, एकेक शिपाई उतरू लागला.

गुळगुळीत. एकजात सगळे गुळगुळीत! उन्हाने रापलेले चेहरे आणि प्रत्येकाच्या नाकाखाली फिकट कातडीचा एक पट्टा, भिंतीवरची तसबीर काढल्यावर राहतो तसा. आपापले ओठ बोटांनी चाचपत ते लाजल्यासारखे उभे होते. शेठही त्यांच्यातच होता, आणि नव्या चेहऱ्यामुळे तो दहा वर्षांनी लहान आणि चक्क सज्जन दिसत होता.

सर्वांत शेवटी गुरुजी उतरला. त्याची मिशी होती तशीच होती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? त्याच्याशी बोलतंय कोण?

ठाण्याचे साहेब पुढच्या सीटवरून उतरले, तेही घोटून आलेले. त्यांनी बाईंना कडक सलाम ठोकला. “काल आमच्याकडे गॅसच्या मुखवट्यांची कवायत झाली, मॅडम. मिशी असली की मुखवटा नीट बसत नाही, हवा आत शिरते. म्हणून सगळ्यांना काढायला लावल्या. माझी स्वतःचीसुद्धा गेली बघा, बायको ओळखेना!”

“आणि हा?” बाईंनी गुरुजीकडे मान वळवली.

“तो छत्र्यांच्या टेबलावर. त्याला कुठला मुखवटा?” साहेब हसले. “तुम्हाला मिशीवाला हवाच होता ना, एक आणलाय.”

बाई जिने चढत उपायुक्तांच्या केबिनमध्ये शिरल्या. दम लागला होता, तशाच बोलत सुटल्या. ही परेड नाही, हा सापळा आहे, रद्द करा.

“रद्द केली तर दुसरी लावता येणार नाही,” उपायुक्त शांतपणे म्हणाले. “तुमच्या मावशी फाटकाजवळच्या बाकावर बसल्यात, आता सगळ्यांनी त्यांना पाहिलंय, पुढच्या वेळी कुणी पढवून आणलं म्हणतील. मग प्रकरण बंद. बंद करू?”

“मग त्या मिशीवाल्याला तरी रांगेतून काढा.”

“काढू की. कारण लिहून द्या.” त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. “कारणाशिवाय कसं काढणार? आणि कारण ठाण्याच्या साहेबाला कळवावं लागेल, नियमाप्रमाणे.”

बाईंनी पेन उचललं. कारण एकच होतं. हा माणूस माझा साक्षीदार आहे. हे लिहिलं की तासाभरात ठाण्याला कळणार, आणि मग त्या माणसाचं आणि त्याच्या मुलींचं काय होईल ते बाईंना वेगळं सांगायची गरज नव्हती. आपण शब्द दिलाय, त्या मनाशी म्हणाल्या. बाहेर गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. कागद कोराच राहिला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या खाली आल्या.

पटांगणाच्या कोपऱ्यात गुरुजी नळावर तोंड धूत होता. बाई दोन पावलं पुढे गेल्या, तोच तो मान वर न करता पुटपुटला, “माझ्याशी बोलू नका मॅडम, सगळे बघतायत.” मग तोंडावरून ओला हात फिरवत म्हणाला, “काळजी करू नका. मावशींनी मला जन्मात पाहिलेलं नाही. त्या कशाला माझ्याकडे बोट दाखवतील?”

त्याचा खरोखरच विश्वास होता यावर. बाईंना ते बघवेना.

परेड घेणारा अधिकारी दुसऱ्या शाखेतून आला होता आणि त्याला लवकर परत जायचं होतं. त्याने नियम वाचून दाखवला. चौकशी करणाऱ्याने दारापाशी उभं राहायचं, साक्षीदाराशी बोलायचं नाही, खूण करायची नाही. साक्षीदाराने रांगेसमोरून चालत जायचं आणि माणूस ओळखला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.

मावशी आत आल्या. धुतलेली, इस्त्री केलेली साडी, पदर घट्ट लपेटलेला. दारातून जाताना त्यांनी बाईंकडे एकदा भरवशाने पाहिलं. बाईंनी नजर जमिनीवर लावली.

मावशी हळूहळू चालत होत्या. एकेका चेहऱ्यापुढे थांबत, बघत, पुढे सरकत. शेठपुढे त्या थांबल्या त्या थांबल्याच. त्याने नजर छताला लावली होती आणि नाकाखालच्या फिकट पट्ट्यावर घाम जमला होता. मावशींची मान एका बाजूला कलली. त्यांचा हात अर्धवट वर आला, आणि गेला तो त्यांच्या स्वतःच्याच ओठावर, काहीतरी कमी आहे, काय ते आठवत नाही, तसा. ‘हाच आहे, मावशी, हाच,’ बाई मनातल्या मनात ओरडत होत्या. दाराची चौकट त्यांनी इतकी घट्ट धरली होती की नखं दुखायला लागली.

मावशींचा हात खाली आला. त्या पुढे गेल्या. आणखी दोघांपुढून गेल्या आणि गुरुजीपुढे आल्या, तसा त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी भाजल्याच्या डागांचा तो हात सरळ त्याच्या खांद्यावर ठेवला.

“हाच तो मेला. हाच.”

“मावशी,” गुरुजी म्हणाला, “मावशी, नीट बघा हो—”

“बोलायचं नाही!” अधिकारी खेकसला आणि त्याने लिहून घेतलं.

गुरुजी त्याच दिवशी निलंबित झाला. आता त्याचा जबाब बाहेर काढून फायदा नव्हता. आरोपी स्वतःची कातडी वाचवायला वरिष्ठांची नावं घेतोय, एवढाच त्याचा अर्थ उरला होता. बाईंनी फिकट पट्ट्यांबद्दल लांबलचक टिपण लिहिलं. ते उपायुक्तांनी वाचलं आणि म्हणाले, “पण कवायत झाली होती ना?” बाईंनी गुरुजीची बाजू तोंडी मांडली, तर ते नुसते ऐकून घेत राहिले आणि चहा मागवत राहिले. वर्तमानपत्रात गुरुजीच्या फोटोसह बातमी आली, की पोलिसांनी आपलंच घर साफ करून दाखवलं. बाईंना शाबासकीचं पत्र आलं. जिन्याखालच्या खोलीत नवी कोरी खुर्चीही आली, चाकांची, पाठीला गादी असलेली.

“सांगितलं होतं,” असं वडील एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बाईंच्या ताटात काहीतरी वाढत राहायचे.

शेठच्या ओठावर पुन्हा काळी रेघ दिसू लागली होती, तेव्हा मावशी परत आल्या. आभार मानायला आल्या असतील, या विचाराने बाईंच्या अंगावर काटा आला. पण मावशी बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचा तुकडा काढला आणि त्याच्या शेजारी एक घडी केलेला रुमाल ठेवला. कडक इस्त्री केलेला होता तो, पण मधोमध तपकिरी डाग तसाच होता.

“पोराला फोटो दाखवला,” मावशी म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “म्हटलं बघ, धरला तुझ्या वैऱ्याला. तर म्हणतो, आई, हा नव्हे गं. याने तर मला पाणी पाजलं. हात बांधला माझा, स्वतःच्या रुमालाने. तो रुमाल त्या दिवसापासून आमच्या घरी आहे, बाई. मीच धुऊन ठेवलाय. कुणाचा म्हणून विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.”

बाईंनी रुमाल जवळ ओढला.

“चुकले मी. बदलून घ्या ना ते. मी येते, पुन्हा सांगते सगळ्यांसमोर.”

“मुलगा सांगेल का हे? सही करेल?”

मावशींनी मान हलवली. “मला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला. बाहेर विचारलं की अजून जिनाच सांगतो.”

मग बाईंनी समजावलं. तुम्ही आता शब्द फिरवलात तर कुणीतरी तुमचं तोंड बंद केलं असं म्हणतील. खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरच खटला भरतील. त्या गुरुजीवरचा डाग तरीही जाणार नाही, परेडवर सह्या झाल्यात. बाई हे सगळं इतक्या व्यवस्थित सांगत होत्या की त्यांना स्वतःच्याच आवाजाचा राग येत होता. कारण त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

मावशी ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावर स्थिर झाली.

“तुम्ही दारात उभ्या होतात.”

“हो.”

“मी हात ठेवला तो चुकीच्या माणसावर ठेवला, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

खोटं बोलता आलं असतं. या इमारतीत त्याला काही लागत नाही.

“हो, मावशी. ठाऊक होतं.”

मावशींनी शिवी दिली नाही की तळतळाट केला नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या, मोठ्या माणसाने फार साधी चूक केलेली बघून वाटतं तशा नवलाने.

“मग खोकायचं तरी होतं, बाई,” त्या म्हणाल्या. “एकदा नुसतं खोकायचं तरी होतं.”

“नियम होता...” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“रुमाल त्यांच्या घरी पोचवा,” मावशी म्हणाल्या. “माझं तिथे जायचं तोंड नाही.” त्यांनी पिशवी उचलली आणि दार न लावताच निघून गेल्या.

 मग उघड्या दारातून एका शिपायाने डोकं आत घातलं.

“मॅडम, एखादी खुर्ची मिळेल का?”

बाई उठल्या आणि आपल्या खालची नवी खुर्ची त्यांनी त्याच्याकडे ढकलली. “ही घेऊन जा.”

“ही? अहो, ही तर तुमची—”

“घेऊन जा म्हटलं ना!”

तो खुर्ची ढकलत निघून गेला, चाकांचा आवाज बोळभर येत राहिला. बाई रुमाल हातात घेऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या. गुरुजीचं घर त्यांना माहीत होतं, फार लांबही नव्हतं. पण दार उघडलं आणि त्याच्या मुलीने विचारलं, कोण आपण, तर काय सांगायचं, ते त्यांना काही सुचेना.